कृष्णधवल प्रिंटचा कॉन्ट्रास्ट कसा जुळवावा : बडोद्यात नव्याने डार्करूम थाटणाऱ्यांसाठी

डार्करूममध्ये पहिले काही प्रिंट काढणाऱ्याची तक्रार बहुधा एकाच शब्दात मावते : मिळमिळीत. नेगेटिव्हमध्ये सगळे दिसते, कागदावरही सगळे उतरते, पण चित्राला उठाव येत नाही. म्हणून तो वेळ वाढवतो आणि प्रिंट काळवंडतो. वेळ कमी करतो आणि प्रिंट फिका पडतो. मग फिल्टर बदलतो, डेव्हलपर, म्हणजे प्रतिमा उमटवणारे द्रावण, ताजा करतो, कागद बदलतो, आणि संध्याकाळ संपेपर्यंत पाकिटातले निम्मे कागद खर्ची पडूनही नेमके कशाने काय झाले ते कळत नाही. मुख्य नियम आधीच सांगून टाकतो : एन्लार्जरचा (नेगेटिव्ह मोठे करून कागदावर प्रकाश टाकणाऱ्या यंत्राचा) वेळ उजळ भागांवरून ठरवायचा, ग्रेड, म्हणजे कॉन्ट्रास्टची पायरी, गडद भागांवरून ठरवायची, आणि एका वेळी या दोहोंपैकी एकच गोष्ट हलवायची. पुढच्या मजकुरातला निम्मा भाग हा नियम कसा वापरावा याविषयी आहे, आणि उरलेला बडोद्यात तो पाळू न देणाऱ्या तीन गोष्टींविषयी : उन्हाळ्यातले पाणी, विजेचा कमीजास्त दाब आणि पावसाळ्यातली ओल.

हाताशी काय असावे

ट्रे, चिमटे, इझल आणि एन्लार्जर गृहीत धरले आहेत. कॉन्ट्रास्टच्या कामासाठी त्याखेरीज पुढील वस्तू लागतात.

- मल्टिग्रेड कागद, म्हणजे फिल्टर बदलून ज्याची ग्रेड बदलता येते तो. शिकताना रेझिनचा थर असलेला, म्हणजे आरसी कागद घ्यावा. तो लवकर धुतला जातो आणि लवकर वाळतो. फायबर, म्हणजे असा थर नसलेल्या, कागदाकडे हात बसल्यावर वळावे.
- ०० ते ५ ग्रेडच्या फिल्टरांचा संच, किंवा पिवळा व मॅजेंटा रंग फिरवता येणारे रंगीत हेड असलेला एन्लार्जर.
- एक अंशाचा फरक दाखवणारे थर्मामीटर आणि ट्रेपेक्षा मोठे एक पसरट टोपले किंवा परात.
- सेकंद मोजणारा टायमर. मोबाइल डार्करूममध्ये आणूच नये. त्याचा पडदा लाल केला तरी कागदाला तो मानवेल याची खात्री नसते, आणि मध्येच कोणाचा फोन आला की उघडा कागद गेलाच.
- व्होल्टेज स्टॅबिलायझर.
- काळे पुठ्ठे, जाड तार, मऊ पेन्सिल, वही आणि केस वाळवण्याचा ड्रायर.

१. लाल दिवा आधी तपासा

कॉन्ट्रास्टच्या लेखाची सुरुवात दिव्यापासून का, असे वाटेल. कारण असे, की सेफलाइट, म्हणजे डार्करूममध्ये कामापुरता लावलेला हा दिवा, थोडासा जरी असुरक्षित असला तरी तो कागदावर स्वतंत्र डाग पाडत नाही. तो एन्लार्जरने दिलेल्या प्रकाशात गुपचूप भर घालतो. ही भर सर्वांत आधी उजळ भागांत दिसते, पांढरे राखाडी होते, आणि नवखा माणूस ग्रेड वाढवत बसतो.

विजेच्या दुकानात मिळणारा लाल रंगाचा झिरोचा बल्ब स्वस्त असल्यामुळे पुष्कळ जण तोच लावतात. त्याच्या काचेवर केवळ रंग चढवलेला असतो आणि त्या रंगातून किती निळा-हिरवा प्रकाश गळतो ते डोळ्यांना समजत नाही. मल्टिग्रेड कागद निळ्या आणि हिरव्या अशा दोन्ही प्रकाशांना संवेदनशील असल्यामुळे त्याच्यासाठी कंपनीने सांगितलेला फिकट तपकिरी किंवा गडद लाल सेफलाइट १५ वॉटच्या बल्बसह, कागदापासून किमान ४ फूट दूर लावणे हा खात्रीचा मार्ग आहे.

तपासणी अशी करावी. सेफलाइट बंद ठेवून, नेगेटिव्ह न लावता, एन्लार्जरने कागदाला इतकाच प्रकाश द्यावा की डेव्हलपरमध्ये धुतल्यावर तो फिकट राखाडी होईल. मग त्या कागदावर दोन-तीन नाणी ठेवून सेफलाइट सुरू करावा, आणि एरवी कागद जितका वेळ उघडा राहतो त्याच्या दुप्पट वेळ तो तसाच राहू द्यावा. नंतर दिवा बंद करून अंधारातच कागद धुवावा. नाण्यांच्या जागी फिकट गोल उमटले तर दिवा नापास झाला. कोऱ्या, प्रकाश न दिलेल्या कागदावर हीच चाचणी केली तर दिवा पास झाल्यासारखा दिसतो, कारण अगदी थोडा प्रकाश एकटा असताना कागदावर काहीच उमटवत नाही. म्हणून आधीची राखाडी छटा वगळू नये.

२. डेव्हलपरचे तापमान आणि वेळ कायम ठेवा

प्रिंट डेव्हलपरमधून लवकर ओढून काढणे हे मिळमिळीत प्रिंटचे सर्वांत मोठे कारण आहे. प्रकाश जास्त दिला गेला की प्रतिमा भराभर काळी होऊ लागते, घाबरून माणूस ती अर्ध्या वेळात बाहेर काढतो, आणि काळा रंग काळा न होता चिखलासारखा राहतो. डेव्हलपरच्या बाटलीवर जो वेळ लिहिला असेल तो पूर्ण द्यावा. प्रिंट काळा झाला तर होऊ द्यावा आणि पुढच्या कागदाला प्रकाश कमी द्यावा.

बडोद्यात हे सांगणे सोपे आणि पाळणे अवघड आहे. बहुतेक डेव्हलपरांचे वेळ २० अंश सेल्सियससाठी दिलेले असतात, आणि मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर असताना अगाशीवरच्या टाकीतले पाणी हाताला चटका लावते. अशा वेळी २० अंशांचा हट्ट धरण्यापेक्षा २४ अंश ठरवून ते सांभाळावे, आणि त्या तापमानासाठी कंपनीच्या तक्त्यात जो वेळ असेल तो घ्यावा. आदल्या रात्री पाणी माठात भरून ठेवले तर सुरुवातीचे तापमान पुष्कळ खाली येते. डेव्हलपरचा ट्रे पाण्याच्या परातीत ठेवून त्या बाहेरच्या पाण्यात बर्फाच्या बंद पिशव्या सोडाव्यात. बर्फ थेट डेव्हलपरमध्ये टाकू नये. तो वितळून द्रावण पातळ करतो, आणि मग तापमान सावरले तरी जोर गेलेला असतो. हिवाळ्यात उलटा त्रास होतो. डेव्हलपरमधले हायड्रोक्विनोन थंडीत फार मंदावते, त्यामुळे उत्तरायणाच्या सुमारास रात्री उशिरा काढलेले प्रिंट विनाकारण मऊ, म्हणजे कमी कॉन्ट्रास्टचे, येतात.

तापमान पूर्णपणे सांभाळता येत नसेल तर गुणकाची जुनी पद्धत उपयोगी पडते. कागद डेव्हलपरमध्ये टाकल्यापासून पहिली गडद रेष दिसेपर्यंत किती सेकंद गेले ते मोजावे. ताज्या द्रावणात, योग्य तापमानाला फायबर कागदावर ती २० सेकंदांनी दिसली आणि पूर्ण वेळ १२० सेकंद असेल, तर गुणक ६ झाला. पुढे द्रावण गरम झाले वा थकले तरी पहिल्या रेषेचा वेळ गुणिले ६ इतका वेळ द्यावा. पहिली रेष दिसायला दुप्पट वेळ लागू लागला की ते द्रावण ओतून द्यावे. ते वाचवून पैसे वाचत नाहीत.

डेव्हलपर घरी मिसळणाऱ्यांसाठी डी-७२ हे जुने, विश्वासाचे सूत्र आहे : ५० अंशांच्या ७५० मिलिलिटर पाण्यात मेटॉल ३ ग्रॅम, निर्जल सोडियम सल्फाइट ४५ ग्रॅम, हायड्रोक्विनोन १२ ग्रॅम, मोनोहायड्रेट सोडियम कार्बोनेट ८० ग्रॅम आणि पोटॅशियम ब्रोमाइड २ ग्रॅम याच क्रमाने, आधीचे पूर्ण विरघळल्यावरच पुढचे टाकून, शेवटी पाणी घालून १ लिटर करावे. वापरताना एका भागाला दोन भाग पाणी. किराणा दुकानातला धुण्याचा सोडा यात चालवू नये. त्यात पाण्याचे प्रमाण वेगळे असल्यामुळे वजनाचा हिशेब चुकतो आणि कॉन्ट्रास्ट दर वेळी निराळा येतो. मेटॉल काहींच्या कातडीला सोसत नाही, म्हणून हातमोजे घालावेत.

३. नेगेटिव्ह वाचायला शिका

फिल्टरला हात लावण्यापूर्वी नेगेटिव्ह उजेडावर धरून दोनच गोष्टी पाहाव्यात : सर्वांत पारदर्शक भागात काही तपशील आहे का, आणि सर्वांत दाट भाग किती दाट आहे. दुसऱ्या प्रश्नासाठी नेगेटिव्ह वर्तमानपत्रावर ठेवून पाहावे. सर्वांत दाट भागातूनही खालची अक्षरे जेमतेम वाचता आली, तर ते नेगेटिव्ह मधल्या ग्रेडवर निघण्याची शक्यता चांगली.

मांडवीच्या आसपासच्या एखाद्या पोळात भर दुपारी फोटो काढला, तर अर्ध्या गल्लीवर ऊन आणि अर्ध्या गल्लीवर ओट्याची सावली, असे नेगेटिव्ह मिळते. त्यातल्या दाट आणि पारदर्शक भागांतले अंतर फार मोठे असते. अशा नेगेटिव्हला १ किंवा १½ ग्रेडपासून सुरुवात करावी. श्रावणातल्या ढगाळ सकाळी सूरसागरच्या काठावरून घेतलेले नेगेटिव्ह उलट सगळे मधल्या राखाडीत अडकलेले असते. त्याला ३ किंवा ३½ लागते.

बडोद्यातल्या जुन्या वाड्यांमधून आजोबा-पणजोबांची चौकोनी नेगेटिव्ह निघतात, आणि नव्याने डार्करूम मांडणारे पुष्कळ जण त्यांपासूनच सुरुवात करतात. त्यांतली कितीतरी अ‍ॅग्फा क्लिक ३ या कॅमेऱ्यावर काढलेली असतात, जो एके काळी बडोद्यातच तयार होत असे. साधे भिंग आणि एकच शटरगती असल्यामुळे त्याची नेगेटिव्ह मऊ असतात आणि एकाच रिळात काही दाट तर काही पातळ निघतात. अशा रिळातल्या एका फोटोची ग्रेड शेजारच्या फोटोला लागू पडेल असे धरून चालू नये.

येथे एक भेद पक्का करून ठेवावा, कारण त्यावर पुष्कळ कागद वाया जातो. मऊ नेगेटिव्ह आणि पातळ नेगेटिव्ह या निराळ्या गोष्टी आहेत. मऊ नेगेटिव्हमध्ये तपशील असतो, फक्त छटांमधले अंतर कमी असते. वरच्या ग्रेडने ते अंतर वाढवता येते. कमी प्रकाशात काढल्यामुळे पातळ झालेल्या नेगेटिव्हच्या गडद भागांत तपशीलच नसतो. ५ नंबरचा फिल्टर लावून त्या भागाला ठाम काळे करता येईल, पण त्या काळ्यातून आजीच्या लुगड्याचे काठ कधीही बाहेर येणार नाहीत.

४. कागद आणि ग्रेड म्हणजे काय ते समजून घ्या

पूर्वी प्रत्येक ग्रेडचा कागद निराळा असे आणि स्टुडिओवाल्यांना सॉफ्ट, नॉर्मल, हार्ड अशी तीन पाकिटे जवळ ठेवावी लागत. इलफर्डने १९४० साली मल्टिग्रेड कागद आणला आणि एकाच पाकिटात सगळ्या ग्रेड आल्या. या कागदाच्या थरात एकाहून अधिक इमल्शने, म्हणजे प्रकाशाला संवेदनशील लेप, मिसळलेली असतात. निळा प्रकाश सगळ्यांवर परिणाम करतो, हिरवा मात्र प्रत्येकावर कमीजास्त. मॅजेंटा फिल्टर हिरवा प्रकाश अडवून निळा सोडतो, म्हणून प्रिंट कडक, म्हणजे जास्त कॉन्ट्रास्टचा, येतो. पिवळा फिल्टर निळा अडवतो, म्हणून मऊ येतो. संचातले ०० ते ५ हे फिल्टर म्हणजे याच दोन रंगांची मापून दिलेली मिश्रणे.

फिल्टर न लावता हा कागद साधारण २ ग्रेडसारखा वागतो. तरीही पहिल्या चाचणीच्या पट्टीपासूनच २ नंबरचा फिल्टर लावून काम करावे, कारण फिल्टर नसताना ठरवलेला वेळ फिल्टर लावल्यावर निरुपयोगी होतो. इलफर्डच्या संचात ०० पासून ३½ पर्यंत फिल्टर बदलला तरी वेळ साधारण तोच चालतो. ४ ते ५ साठी तो दुप्पट करावा लागतो. रंगीत हेड असेल तर पिवळ्या-मॅजेंटाचे आकडे कागदाच्या माहितीपत्रकातून आपल्या हेडच्या कंपनीनुसार घ्यावेत. एका कंपनीचे आकडे दुसऱ्या हेडवर चालत नाहीत.

एन्लार्जरचा प्रकारही हिशेबात धरावा. कंडेन्सर, म्हणजे प्रकाश एकवटणारी भिंगे, असलेला एन्लार्जर त्याच नेगेटिव्हमधून पसरट प्रकाशाच्या एन्लार्जरपेक्षा अर्ध्या ते एका ग्रेडने कडक प्रिंट देतो. मित्राने सांगितलेली ग्रेड तुमच्याकडे जुळत नाही याचे कारण बऱ्याचदा एवढेच असते.

आता विजेचा दाब. साध्या तारेच्या किंवा हॅलोजन बल्बचा दाब १० टक्क्यांनी उतरला की प्रकाश सुमारे ३० टक्क्यांनी घटतो, हे पुष्कळांना ठाऊक असते. त्याबरोबर तो प्रकाश पिवळाही होतो, आणि पिवळा प्रकाश म्हणजे मल्टिग्रेड कागदावर खालची ग्रेड, हे लक्षात येत नाही. उन्हाळ्याच्या संध्याकाळी सगळ्या घरांतले एसी सुरू झाल्यावर काढलेला प्रिंट सकाळच्या प्रिंटपेक्षा फिका आणि मऊ आला, तर फिल्टरवर संशय घेण्याआधी स्टॅबिलायझर लावावा. बल्ब बदलून एलईडी बसवण्याचा मोहही टाळावा. प्रत्येक एलईडीमध्ये निळ्या-हिरव्याचे प्रमाण निराळे असते आणि फिल्टरांवर छापलेले आकडे त्याच्याखाली खरे ठरत नाहीत.

जुन्या स्टुडिओच्या माळ्यावरून मिळालेल्या कागदाबद्दलही एक शब्द. आता बंद पडलेल्या उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ कागद अजूनही कोणाच्या तरी कपाटात सापडतो आणि फुकट मिळाला म्हणून आनंद होतो. त्याची एक पट्टी प्रकाश न देता डेव्हलपरपासून पुढे पूर्ण धुवावी, दुसरी थेट हायपोत, म्हणजे फिक्सरमध्ये, टाकावी, आणि दोन्ही वाळल्यावर शेजारी ठेवाव्यात. पहिली राखाडी दिसली तर त्या कागदावर स्वच्छ पांढरे येणार नाही. तो सरावासाठी ठेवावा. कॉन्ट्रास्ट शिकण्यासाठी वापरू नये.

५. वेळ ठरवा : फक्त उजळ भाग पाहून

२ नंबरचा फिल्टर लावावा, भिंगाचे छिद्र पूर्ण उघड्यापासून दोन पायऱ्या बंद करावे, आणि चाचणीसाठी कागदाची पट्टी (टेस्ट स्ट्रिप) अशा जागी ठेवावी जिथे तपशील असलेला उजळ भाग आहे : पांढरा सदरा, चुना दिलेली भिंत, कपाळ, ढग. कोऱ्या आकाशावर किंवा दिव्याच्या ज्योतीवर पट्टी टाकून उपयोग नाही, कारण तिथे कागद पांढराच राहायचा असतो.

पट्टीवर ५, ७, १०, १४ आणि २० सेकंदांचे टप्पे घ्यावेत. सगळ्या पट्टीला आधी ५ सेकंद द्यावेत, मग पुठ्ठा सरकवत उरलेल्या भागांना अनुक्रमे आणखी २, ३, ४ आणि ६ सेकंद द्यावेत. पाच-पाच सेकंदांच्या सरळ टप्प्यांत पहिल्या दोन पट्ट्यांमध्ये जमीन-अस्मानाचे अंतर पडते आणि शेवटच्या दोन जवळजवळ सारख्या दिसतात. वरच्या क्रमात प्रत्येक टप्पा डोळ्याला सारखाच पुढे गेल्यासारखा वाटतो.

पूर्ण वेळ धुऊन, स्टॉप बाथ आणि फिक्सर झाल्यावरच पट्टी पांढऱ्या दिव्यात पाहावी. पाहताना गडद भाग पुठ्ठ्याने झाकून टाकावेत. ही सूचना बालिश वाटेल, पण डोळा काळ्याकडे आधी ओढला जातो आणि वेळेचा निर्णय त्याच्या आहारी जातो. सदऱ्याची वीण किंवा भिंतीचा खरखरीतपणा जिथे पहिल्यांदा जाणवतो, आणि तरीही ते पांढरेच वाटते, तो टप्पा तुमचा वेळ.

६. ग्रेड ठरवा : फक्त गडद भाग पाहून

त्या वेळेचा एक पूर्ण प्रिंट काढावा. आता उजळ भाग विसरून काळ्याकडे पाहावे. प्रिंटमध्ये एखादी तरी लहानशी जागा, दाराच्या फटीसारखी, संपूर्ण काळी आहे का? तिच्या शेजारच्या सावलीत तपशील दिसतो का? काळे राखाडीच राहिले असेल तर ग्रेड वाढवावी. सावल्या भरून जाऊन शाईसारख्या झाल्या असतील तर उतरवावी. पहिला बदल पूर्ण एका ग्रेडचा करावा, अर्ध्याचा फरक ओला कागद पाहताना नव्या डोळ्याला कळत नाही.

ग्रेड बदलल्यावर वेळ तोच ठेवून पुढे जाणे ही पुढची हमखास फसगत. फिल्टरांची वेळ जुळवलेली असते ती मधल्या राखाडी छटेसाठी. ग्रेड वाढवली की त्याच वेळेला मधली छटा जवळपास जागेवर राहते, पण उजळ भाग अधिक उजळ होऊन तपशील गमावतात. म्हणून नव्या ग्रेडवर उजळ भागाची एक लहान पट्टी पुन्हा काढावी, वेळ दुरुस्त करावा, आणि मगच पूर्ण प्रिंट काढावा. या फेऱ्या एरवी दोन-तीनच्या पुढे जात नाहीत.

४½ किंवा ५ लावूनही उठाव येत नसेल तर दोष बहुधा फिल्टरच्या बाहेर असतो. एन्लार्जरचे भिंग काढून टॉर्चच्या उजेडात तिरपे धरून पाहावे. बडोद्याच्या पावसाळ्यात बंद खोलीत ठेवलेल्या भिंगात कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते. ती प्रकाश विखुरते, विखुरलेला प्रकाश नेगेटिव्हच्या पारदर्शक भागांतून उजळ भागांवर सांडतो आणि सगळ्या प्रिंटवर पातळ धुके पसरते. भिंग डब्यात सिलिका जेलसह ठेवावे. नेगेटिव्हच्या कडेने येणारा प्रकाशही तेच करतो, म्हणून कॅरियरमधली (नेगेटिव्ह धरणाऱ्या चौकटीतली) फ्रेम सोडून बाकीचे उघडे भाग काळ्या कागदाने झाकावेत.

७. दोन फिल्टरांची पद्धत

पोळातल्या त्या ऊन-सावलीच्या नेगेटिव्हसारख्या अवघड प्रसंगी एकाच प्रिंटला दोन प्रकाश देण्याची पद्धत सोयीची पडते. आधी ०० फिल्टर लावून टेस्ट स्ट्रिप काढावी आणि उजळ भागात पहिला तपशील येणारा वेळ निवडावा. मग नव्या कागदाला तो वेळ ०० नेच सर्वत्र द्यावा, फिल्टर बदलून ५ लावावा, आणि त्याच कागदावर ५ चे टप्पे घ्यावेत. काळे जिथे ठाम होते तो दुसरा वेळ. ५ चा प्रकाश उजळ भागांनाही थोडा लागतोच, त्यामुळे शेवटच्या प्रिंटमध्ये ०० चा वेळ किंचित कमी करावा लागतो.

या पद्धतीचे कौतुक जरा जास्तच होते असे माझे मत आहे. तिने मिळणारा प्रिंट बहुतेक वेळा एखाद्या मधल्या फिल्टरनेही मिळतो. तिचा खरा लाभ पुढच्या पायरीत आहे. फिल्टर बदलताना एन्लार्जरचे डोके हलू नये याची काळजी घ्यावी. भिंगाखाली फिल्टर धरण्याची सोय असेल तर धूळ आणि बोटांचे ठसेही पुसत राहावेत, नाहीतर प्रतिमा मऊ पडते.

८. जागोजागचा कॉन्ट्रास्ट

पूर्ण प्रिंट एका ग्रेडवर बसला तरी आकाश कोरे राहते किंवा ओटा बुडून जातो. आकाशाला जादा प्रकाश द्यायचा तर तो ०० किंवा ० फिल्टरने द्यावा. मऊ प्रकाश ढगांच्या छटा उतरवतो आणि आकाशात शिरलेल्या झाडांच्या फांद्या वा देवळाचा कळस फारसे काळे करत नाही. तेच काम ४ ने केले तर कळसाभोवती काळी झालर येते. उलट एखादी सावली फक्त अधिक ठाम करायची असेल, तर तिथे ५ ने थोडा जादा प्रकाश द्यावा. सावलीतले उजळ ठिपके त्याने फारसे मळत नाहीत.

पुठ्ठ्याला भोक पाडून किंवा तारेला पुठ्ठ्याचा तुकडा लावून हे करताना हात सतत हलता ठेवावा, आणि पुठ्ठा कागदापेक्षा भिंगाच्या जवळ धरावा, म्हणजे कड मऊ पडते.

उजळ भाग ०० नेही भरत नसेल तर कागदाला नेगेटिव्ह लावण्यापूर्वीच एक अत्यंत अल्प प्रकाश देता येतो, इतका अल्प की तो एकटा असता तर कागद पांढराच राहिला असता. त्यासाठी नेगेटिव्हशिवाय, छिद्र बारीक करून, एक-एक सेकंदाची टेस्ट स्ट्रिप काढावी आणि पहिली राखाडी दिसण्याच्या आधीचा टप्पा घ्यावा.

प्रिंट तयार झाल्यावर फक्त उजळ भाग थोडे उठवायचे असतील तर हॉवर्ड फार्मरने १८८३ साली दिलेले, पोटॅशियम फेरिसायनाइड आणि हायपो यांचे पातळ द्रावण ब्रशने लावता येते. ते फार पातळ असावे, लगेच पाण्याने धुवावे आणि त्याचा आम्लाशी संपर्क कधीही येऊ देऊ नये. पहिल्या महिन्यात याच्या वाटेला न गेलेलेच बरे.

बडोद्याच्या कलाविद्याशाखेशी ज्यांचे नाव जोडलेले आहे त्या ज्योती भट्ट यांचे खेड्यांतल्या भित्तिचित्रांचे कृष्णधवल प्रिंट प्रत्यक्ष पाहण्याची संधी मिळाली तर ती सोडू नये. काळपट भिंतीवर पांढरी रेघ, असा विषय कागदावर कसा उतरवला जातो हे शिकायला तशा प्रिंटसमोर उभे राहण्याइतका दुसरा पाठ नाही. पडद्यावर पाहिलेल्या चित्रावरून ग्रेडचा अंदाज कधीच करू नये.

९. निर्णय वाळलेल्या प्रिंटवरच घ्या

ओला प्रिंट नेहमी अधिक तेजस्वी दिसतो. वाळल्यावर उजळ भाग किंचित काळवंडतात आणि एकूण उठाव उतरतो. फायबर कागदावर हा फरक आरसीपेक्षा जास्त असतो आणि त्यासाठी वेळ साधारण ५ ते १० टक्के कमी करावा लागतो. तुमच्या कागदाचा नेमका आकडा काढायचा तर एक चांगला प्रिंट पाण्यात ठेवावा, त्याच नेगेटिव्हचे ४, ६, ८ आणि १० टक्के कमी वेळेचे प्रिंट पूर्ण वाळवावेत, आणि ओल्याशी जो वाळलेला जुळेल तो आकडा वहीत लिहावा. टेस्ट स्ट्रिपसाठी ड्रायरचा मंद वारा पुरेसा होतो.

पाहण्याचा दिवाही ठरलेला असावा. फिक्सरच्या ट्रेवर झगझगीत ट्यूबलाइट असेल तर प्रत्येक प्रिंट फिका वाटतो आणि नकळत वेळ वाढवला जातो. मग तोच प्रिंट दिवाणखान्यात टांगल्यावर काळोखा दिसतो. प्रिंट जिथे लावायचा त्या भिंतीवर जितका उजेड असेल, तितक्याच उजेडात तो तपासावा. पावसाळ्यात फायबर प्रिंट वाळायला फार वेळ लागतो. म्हणून त्या दिवसांत एका बैठकीत निर्णय घेण्याचा हट्ट सोडून पट्ट्या जाळीवर ठेवाव्यात आणि दुसऱ्या दिवशी पाहाव्यात.

१०. नोंद, आणि मोठा प्रिंट काढताना

प्रत्येक पट्टीच्या मागे मऊ पेन्सिलीने, आणि आरसी कागदावर पेन्सिल उमटत नसेल तर मार्करने, नेगेटिव्हचा क्रमांक, फिल्टर, वेळ, छिद्र, एन्लार्जरच्या डोक्याची उंची आणि डेव्हलपरचे तापमान लिहावे. बाद झालेल्या पट्ट्याही जपाव्यात. ३ आणि ४ ग्रेडमध्ये खरोखर किती फरक आहे हे त्याच दाखवतात.

८ × १० चा प्रिंट मनासारखा झाल्यावर तोच १६ × २० वर काढायचा असेल तर डोके वर न्यावे लागते आणि वेळ सुमारे चौपट होतो, म्हणून उजळ भागाची पट्टी नव्याने काढावी. ग्रेड तीच ठेवून सुरुवात करावी, पण मोठ्या कागदावर तेच चित्र बहुधा थोडे सैल वाटते आणि अर्धी ग्रेड वाढवावी लागते. त्या वाढीसाठी ३½ वरून ४ वर जावे लागले, तर दुप्पट वेळेचा हिशेब विसरू नये.